हाडांचा हिशोब

मागच्या डिसेंबरात आपण सगळे जमलो, त्या रात्रीच्या जेवणाची गोष्ट. रश्शातली नळी ताटावर आपटून आतला गर काढता काढता आपल्या एका मित्राने मला विचारलं, "काय रे, तू अजून हाडंच मोजतोस का?" पंगतीत हशा पिकला. मीही हसलो. म्हणालो, "ती नळी टाकू नकोस, मला दे." विषय तिथेच संपला.

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला. मार्च १९८७ ला आपण दहावी होऊन पांगलो. कुणी डॉक्टर झालं, कुणी गुत्तेदार, कुणी शिक्षक, कुणी शेतीच सांभाळतं. मी काय करतो हे मात्र अजून बऱ्याच जणांना नीट कळलेलं नाही, आणि त्यात चूक माझीच आहे. मी ते कधी नीट सांगितलंच नाही. का सांगितलं नाही, तेही या लेखात येईल.

माझं काम असं: जुन्या वस्तीचं उत्खनन होतं तेव्हा जनावरांची जी हाडं निघतात, ती ओळखायची, मोजायची आणि त्यावरून त्या काळचं जगणं कसं होतं ते मांडायचं. इतिहासाच्या तासाला सरांनी आपल्याला लेणी, किल्ले, ताम्रपट, नाणी शिकवली. ती राजांची आणि सावकारांची साधनं. पण ज्यांनी ताम्रपट लिहिला नाही की लेणं खोदलं नाही, त्यांच्या घरामागच्या उकिरड्यात काय राहिलं? फुटकी खापरं, राख, जळके दाणे आणि हाडं. एखाद्या ठिकाणी खापरांच्या खालोखाल सगळ्यात जास्त माल हाडांचाच असतो. पूर्वी ती वेचून बाजूला टाकली जात. आता प्रत्येक तुकडा पिशवीत जातो आणि पिशवीवर खड्ड्याचा नंबर, थर, खोली, तारीख लिहिली जाते. चिठ्ठी हरवली की हाड मुकं झालं.

मोजायचं कसं, ते सोपं करून सांगतो. समजा एका घराच्या अंगणात शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचे शंभर तुकडे सापडले. म्हणजे शंभर शेळ्या नव्हेत. एकाच शेळीचे वीस तुकडे असू शकतात. म्हणून आपण एकच हाड धरतो, उदाहरणार्थ पुढच्या डाव्या पायाच्या वरच्या हाडाचं खालचं टोक. ते प्रत्येक जनावराला एकच असतं. असे सात तुकडे निघाले तर कमीत कमी सात जनावरं होती. आपल्या गणिताच्या बाईंना हे नक्की आवडलं असतं.

मग वय. माळेगावच्या यात्रेत व्यापारी बैलाचं तोंड उघडून बघतो आणि सांगतो: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. आमचीही पद्धत तीच. फक्त आमचा बैल तीन हजार वर्षांपूर्वी मेलेला असतो आणि हातात बहुधा अर्धाच जबडा असतो. शिवाय वासराच्या लांब हाडांची टोकं सुटी असतात आणि वय वाढेल तशी ठरावीक क्रमाने जुळत जातात. कळपातले नर कोवळ्या वयात कापलेले दिसले तर जनावरं मांसासाठी पाळली होती. म्हातारी जनावरं जास्त दिसली तर दूध, ओझं, औत. सुरीच्या खुणा, जळल्याचे डाग, कुत्र्याने चावल्याचे दात, यांतलं प्रत्येक काहीतरी सांगतं. नळी आडवी फोडलेली असेल तर तीन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी आपल्या मित्रासारखाच आतल्या गरामागे लागला होता.

महाराष्ट्रात या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली शंभरावर घरं उघडी झाली. साधारण इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० पर्यंत, म्हणजे जवळपास नऊशे वर्षं तिथे शेतकरी राहिले. ते जव पिकवत. नदीचं पाणी वळवायला त्यांनी कालवा काढला होता. एका घरात मातीच्या डबीत झाकून ठेवलेली बिनडोक्याची स्त्रीमूर्ती निघाली, आणि सोबत एक मातीचा बैल. मूर्ती बैलाच्या पाठीवर बसवता यावी अशी सोय केलेली. आपला पोळा किती जुना ते मी सांगू शकत नाही, पण बैलाला देव्हाऱ्यापर्यंत नेणारी माणसं तीन हजार वर्षांपूर्वी या दख्खनच्या काळ्या मातीत होती, एवढं नक्की.

तिथल्या हाडांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे पी. के. थॉमस यांनी केला. गाईबैल, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, कुत्री, शिवाय शिकारीतली काळविटं, चितळं. गाईबैलांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. म्हणजे ज्या बैलाला त्यांनी पूजलं, त्याच्याकडून काम घेतलं, त्याचं मांसही त्यांनी खाल्लं. हे ऐकून कुणी खूश होतं, कुणी नाराज होतं. हाडाला दोन्हींशी घेणंदेणं नसतं, आणि ते मोजणाऱ्यालाही नसावं.

इनामगावची शेवटची तीनशे वर्षं आपल्या भागातल्या माणसाने मुद्दाम वाचावीत अशी आहेत. इ.स.पू. १००० च्या सुमारास तिथली ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. मातीची भांडी ओबडधोबड झाली. शेती घटली. हाडांच्या ढिगात शेळ्यामेंढ्या आणि शिकारीची जनावरं वाढली. ढवळीकरांनी यामागे वाढत्या कोरड्या हवामानाचं कारण मांडलं. त्यावर पुढे अभ्यासकांत वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण ढिगातला बदल ज्याने १९७२ पाहिलं आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. दुष्काळ आला की आधी मोठं जनावर दावणीवरून जातं. शेळी बोरीबाभळीवर तगते. बैलाला कडबा लागतो.

१९९२ साली मी डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकायला गेलो. तिथल्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा कळलं की जुनं हाड ओळखायला नवी हाडं लागतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट, अशा आजच्या जनावरांचे सांगाडे कपाटांत नीट लावून ठेवलेले असतात, आणि जमिनीतून निघालेला तुकडा हातात घेऊन त्यांच्याशी ताडून पाहायचा असतो. शेळी की मेंढी, यात भल्याभल्यांची गाडी अडते. वशिंडाच्या आपल्या गोवंशाची एक खूण मात्र सोपी आहे: खांद्यामागच्या काही मणक्यांची वरची टोकं दुभंगलेली असतात. पण लाल कंधारी कोणती आणि देवणी कोणती, हे सांगाड्यावरून सांगता येत नाही. कंधारीचा लाल रंग, देवणीतले वानेरा, बाळंक्या, शेवरा हे प्रकार, सगळं कातड्यावरचं. कातडं गेलं की तेही गेलं.

सुट्टीत घरी आलो की मी शिवारात हाडं शोधत फिरायचो. १९९४ च्या उन्हाळ्यात गावाकडे, कंधार तालुक्यात, मन्याडच्या कोरड्या पात्रात मला बैलाच्या पायाची काही हाडं मिळाली. धुऊन, वाळवून, पिशवीत घालून घरी आणली.

इथे थोडं थांबून, शाळेत जे कधी बोललो नाही ते सांगतो. आमचं मूळ घर गावकुसाबाहेरचं, महारवाड्यातलं. गावात जनावर मेलं की ते ओढून नेण्याचं काम आमच्या माणसांचं. ते काम मागून घेतलेलं नव्हतं. ते जन्माबरोबर यायचं. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, वयाच्या दहा-बाराव्या वर्षापासून ते करत होते. मढं ओढायचं, सोलायचं, उरलेली हाडं वाळली की गोणीत भरून हाडांच्या व्यापाऱ्याला घालायची. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं होतं. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, गावापर्यंत ती गोष्ट पोचायला वेळ लागला. १९५६ च्या धर्मांतरानंतर मात्र आमच्या वस्तीने एकत्र बसून ठरवलं: आजपासून मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. गावाने काही महिने दुकान बंद केलं, कामाला बोलावणं बंद केलं. वस्तीने ते सोसलं. १९७२ ला शिवारात जनावरं मरून पडली, तेव्हा गावातली मोठी माणसं आबांच्या दाराशी आली होती. आबा उठले नाहीत.

अशा घरात मी हाडांची पिशवी घेऊन आलो होतो.

वडील मास्तर होते, आवाज न चढवता बोलायचे. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "तुझ्या आज्यानं जे टाकलं ते तू पुण्याला जाऊन उचललंस. यासाठी शिकवलं का तुला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या टेबलावर, अंगात कोट घालून जे काम 'संशोधन' होतं, ते आमच्या ओसरीवर संशोधन राहिलं नव्हतं.

आबा बाजेवर पडून ऐकत होते. त्यांनी मला पिशवीतलं काढायला सांगितलं. मी एकेक हाड खाली पोत्यावर मांडलं. त्यांनी हात पुढे केला नाही. नुसतं बघितलं आणि खुरावरच्या एका हाडाकडे हनुवटीने दाखवत म्हणाले, "हे औताचं बैल हाय. लई वरीस वढलंय ह्यानं. ते कडंला हाड फुटलंय बग." मी ते हाड उचलून निरखलं. सांध्याच्या कडेला खरंच ज्यादा हाड वाढलेलं होतं, लाकडाला गाठी येतात तसं. मी विचारलं, कसं ओळखलं? ते म्हणाले, "गाईला असं होत न्हाई. वळूला होत न्हाई. वढून वढून होतंय." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आता ने तिकडं. घरात नको."

तीन वर्षांनी, १९९७ साली, बेल्जियममधून एक पुस्तक निघालं. त्या संशोधकांनी रुमानियातल्या औताच्या बैलांचे पाय मिळवून, मोजून, त्या हाडांवर काय काय बदल होतात ते तपशिलाने दाखवलं होतं. ओझं ओढून सांध्याच्या कडेला हाड वाढतं, पृष्ठभाग पसरट होतो, झिजतो. जगभर आता त्या पुस्तकाचा आधार घेतात. वाढतं वय आणि जनावराचं वजन यांमुळेही असे बदल होतात, म्हणून एका हाडावरून निकाल देऊ नये, असं ते बजावतात. ते बरोबरच आहे आणि मीही विद्यार्थ्यांना तेच सांगतो. पण ते पुस्तक पहिल्यांदा वाचताना मला आमची ओसरी दिसत होती.

आबांना ते ज्ञान हौसेने मिळालेलं नव्हतं. कुणी ते त्यांच्या पदरात घातलं, आणि ते घेताना काय काय सोसावं लागलं, हे मी विसरू शकत नाही. म्हणून 'आमच्या पूर्वजांचं पारंपरिक ज्ञान' असलं गोड बोलणं मला जमत नाही. ते काम सोडलं हेच बरोबर केलं. पण तीस-चाळीस वर्षं जी माणसं हे करत होती, त्यांना जनावराचं शरीर आतून ठाऊक होतं. म्हशीचं हाड गाईपेक्षा जड कुठे लागतं, कोणत्या सांध्यात सुरी घातली की पाय सहज सुटतो, हे सगळं ठाऊक होतं. उत्खननाच्या अहवालात सुरीच्या खुणांची आकृती असते. सुरी धरणाऱ्या हाताबद्दल ओळही नसते. हाडावरून मला कळतं की इनामगावात बैल राबला, किती वर्षांचा होऊन मेला, कसा कापला. तो कुणी ओढून नेला, त्याला ते काम कुणी सांगितलं, नाही म्हणायची त्याला मुभा होती का, हे हाड सांगत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल तर ते कधीच कळणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल कळू शकतं, कारण ती सांगणारी माणसं आपल्यात होती, काही अजून आहेत. ते आपणच लिहून ठेवायला हवं.

आबा १९९९ ला गेले. वडिलांचा राग हळूहळू निवळला. कधी, ते मला नेमकं सांगता येणार नाही. निवृत्तीनंतर एकदा ते पुण्याला आले, प्रयोगशाळा पाहिली, कपाटासमोर उभं राहून चिठ्ठ्या वाचल्या. एका चिठ्ठीवर माझ्या अक्षरात होतं: 'बैल, औताचा, मन्याड नदी, ता. कंधार, १९९४'. त्यांनी विचारलं, "औताचा हे कुणी सांगितलं ते लिहायचं नसतं का?" मी म्हटलं, लिहायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी केली आणि त्यावर आबांचं नाव घातलं.

आता लातूरकर मित्रांसाठी थोडं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या आठवड्यात मी मावशीकडे लातूरलाच होतो. गल्लीत घागरींची रांग होती. ओळखीच्या एका शेतकऱ्याने देवणीची जोडी विकून चार शेळ्या घेतल्या होत्या. तो काही विशेष सांगत नव्हता, सगळेच तसं करत होते. मला मात्र इनामगावच्या शेवटच्या थराचे आकडे डोळ्यांसमोर आले.

आणि त्याच लातूर जिल्ह्यात, त्याच मांजरा नदीच्या थरांत, हरवाडी इथे पाणघोड्याचे जीवाश्म सापडले आहेत. पाणघोडा! सोबत हत्ती आणि आजच्या गाईबैलांहून थोराड असे रानटी गोवंशाचे प्राणीही. डेक्कन कॉलेजचे विजय साठे यांनी या जीवाश्मांवर बरंच काम केलं आहे. ही हाडं इनामगावपेक्षा कितीतरी जुनी, शेतीच्या आधीची, हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली. पाणघोड्याला दिवसभर डुंबायला बारमाही पाणी लागतं. म्हणजे जिथे आपण रेल्वेने पाणी आणलं, तिथे एके काळी त्याचे डोह होते. आपल्या गोदावरीचंही तेच. पैठणजवळ मुंगी इथे १८६५ मध्ये, भूगर्भ खात्याच्या वाईन नावाच्या अधिकाऱ्याला नदीच्या जाड वाळूगोट्यांच्या थरात गारगोटीचं एक मानवी हत्यार सापडलं होतं, आणि त्या थरांत प्राण्यांचे जीवाश्मही मिळतात. आपल्या नद्यांचे काठ म्हणजे कुणी अजून पुरतं न वाचलेलं दप्तर आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या बॅचमध्ये शेती करणारे बरेच जण आहेत. गोदावरी, मांजरा, मन्याड, तेरणा यांच्या काठी विहीर खोदताना, वाळू काढताना, बांध घालताना जेसीबीच्या दात्याला जड, दगडासारखं झालेलं हाड लागलं, तर ते उपटून घरी आणू नका. आहे तिथेच राहू द्या, मोबाइलवर फोटो काढा, किती खोलीवर आणि कोणत्या थरात होतं ते लिहून ठेवा, आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. मलाही फोन करा, नंबर स्मरणिकेच्या मागच्या यादीत आहेच. शाळेतले सर आणि बाई यांनाही एक विनंती: आजच्या मुलांना सहलीला तेरच्या संग्रहालयात नेता तेव्हा मूर्तींच्या बरोबरीने तिथली हस्तिदंताची स्त्रीप्रतिमाही दाखवा, आणि हस्तिदंत म्हणजे शेवटी एका हत्तीचा दात आहे हेही सांगा.

आणि ज्याने नळी आपटत मला प्रश्न विचारला, त्याला उत्तर: होय, अजून हाडंच मोजतो. पुढच्या वेळी जमू तेव्हा तुझ्या वडिलांनी बैलाबद्दल तुला जे सांगितलं असेल ते मला सांग. मी वही घेऊन येईन.